वाईट मालकासाठी शिकवलेलं घोडं

आमच्या मामांना कुणी त्यांच्या घोड्याची तारीफ केलेली खपत नसे. कुणी म्हणालं, "उस्ताद, काय घोडी हाय!" की मामा आधी त्या माणसाकडं बघायचे, मग घोडीकडं, मग परत माणसाकडं. तो गेला की म्हणायचे, "ह्याला काय पाहिजे असंल?" गोड बोलणारा माणूस काहीतरी न्यायला आलेला असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. गप्प बसणाऱ्यावरही भरवसा नव्हता. काय न्यायचं ते तो अजून ठरवून राहिला, म्हणायचे.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सून सासऱ्यांना मामा म्हणते. बाकी सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं, कारण मुदखेडच्या आसपास कुणाचं घोडं बिघडलं की ते आमच्या दारात यायचं. डीजेला भिऊन नवरदेवाला पाडणारी वरातीची घोडी, नाल ठोकताना लाथा झाडणारं शिंगरू, मेंढरंवाल्यांची चावरी तट्टं. मामा ती सुधारून द्यायचे. मधूनमधून माळेगावच्या जत्रेतून स्वतःसाठीही एखादं आणायचे, शिकवायचे आणि विकायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला बोलायची फार भीती होती. माझं माहेर इस्लापूरकडं, जंगलाच्या कडेला. शाळा चौथीपर्यंतच झाली, कारण पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं होती. चार माणसांत माझा आवाज घशातच राहतो, अजूनही राहतो. नवी होते तेव्हाच मामा सासूबाईंना म्हणालेले मी चुलीपाशी बसून ऐकलं, "ही पोर लई गप हाय. काय लपवून राहिली, बघ जरा." सासूबाई म्हणाल्या, "घोडं न्हाई ती, सून हाय. दात बघत बसू नका तिचे."

हा संशय घरातल्या कुणालाच सोडत नसे. घोड्याला पाणी दाखवलं असं सांगितलं तरी मामा उठून त्याच्या ओठांना हात लावून बघायचे. ओठ ओले असले तर म्हणायचे, "वरनं शिंपडलं असंल." माझे मालक, म्हणजे मामांचा मुलगा, पिकअप चालवतात. ते वैतागून म्हणायचे, "दादा, तुम्ही देवाचा नारळ बी दहा जणांना हलवून दाखवाल." मामा शांतपणे म्हणायचे, "दाखवीन. नासका निघाल्यावर देव काय बदलून देणार हाय?"

पण त्यांच्या शिकवण्याचं मूळ ह्याच संशयात होतं, हे मला उशिरा कळलं. एकदा शेजारच्या एकानं त्यांना विचारलं, "उस्ताद, विकायचंच हाय तर एवढी मेहनत कशाला घेता? चाल दाखवायची, मोकळं व्हायचं." मामा म्हणाले, "चांगल्या मालकासाठी घोडं शिकवावंच लागत न्हाई, तो सांभाळून घेतो. शिकवायचं ते वाईट मालकासाठी. कुणी तापट असतो, कुणी पिणारा असतो, कुणी घाईचा असतो. त्याला मारायला निमित्त पाहिजे. ते घोड्याकडनं मिळू नये, एवढंच आपल्या हातात."

तो वाईट मालक मामांनी कधी पाहिलेला नसायचा, पण मनात त्यांनी त्याला पक्का उभा केलेला असायचा. घोड्याला सगळ्यात जास्त मार गाडीत चढताना बसतो, म्हणून एक मोडकी ट्रॉली बांधाला लावून ठेवलेली होती. घोड्यानं एका शब्दावर तीत चढायचं, उभं राहायचं आणि मागच्या पायांनी उतरायचं. लगाम पुढं केला की मान खाली आली पाहिजे. खुराला बोट लागलं की पाय उचलला पाहिजे. घोड्याला शिट्ट्यांची सवय व्हावी म्हणून कुकर अंगणातल्या चुलीवर लागायचा. सासूबाई म्हणायच्या, "ह्या घरात वरण घोड्यासाठी शिजतं. आपण नुसतं उरलेलं खातो."

आणि पिणाऱ्या मालकासाठी मामांनी गावातला बळीराम धरून ठेवला होता. बळीराम दारू पिऊन आला की त्यानं घोड्यापुढं उभं राहून वाटेल तसं ओरडायचं, हातवारे करायचे आणि घोड्यानं जागचं हलायचं नाही. एवढा धडा झाला की त्याला गरम भाकरी आणि पिठलं मिळायचं. एकदा तो अंघोळ करून, केस विंचरून आला. मामांनी त्याचा वास घेतला.

"पिला न्हाईस का आज?"

"न्हाई उस्ताद. सोडली. पोरीची शपथ घेतली."

मामा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मग माझ्या काय कामाचा तू?"

बळीराम परत जायला वळला. सासूबाईंनी त्याला बसवून जेवू घातलं आणि तो गेल्यावर मामांना अशा बोलल्या, की मी आत जाऊन हसून घेतलं. मामांचं एकच, "सोडली म्हणतो. टिकंल का, बघू." ती टिकली नाही. बळीराम लवकरच पुन्हा घोड्यापुढं येऊन ओरडू लागला.

त्याच सुमाराला मामांनी सावळी आणली. सासूबाईंनी तिचं तोंड पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. घोडी अंगानं भरलेली, चाल सरळ, पण डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. ह्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात. डोळ्यातून पाणी ओघळल्यासारखा तो दिसतो, आणि असलं घोडं मालकाला रडवतं असं आमच्याकडं सगळे मानतात. अशा घोडीवर नवरदेव बसत नाही, शौकीन माणूस तिला दारात बांधत नाही. शेवटी ती वीटभट्टीवर जाते. ओझ्यानं पाय गेल्यावर तिचं काय होतं, ते कुणी कुणाला विचारत नाही.

"का आणली मग?" सासूबाई म्हणाल्या.

"विकणारा तिच्या गालावरनं हात काढत नव्हता. मला वाटलं, काय झाकून राहिला ते बघावं तरी."

"आणि बघितल्यावर?"

"बघितल्यावर सोडून कसं यायचं?"

असला भोवरा काही लोक तापल्या लोखंडानं डागून घालवतात आणि जखमेचा वण म्हणून सांगतात. तसं करून देतो म्हणून एक जण घरीही आला. मामांनी त्याला चहा न देता वाटेला लावलं. म्हणाले, "लपवलं तर नव्या मालकाला कवातरी कळंल. मी इथं, घोडी तिथं. राग कुणावर निघंल?" म्हणून गिऱ्हाईक आलं की मामा आधी सावळीचं तोंड त्याच्याकडं करायचे आणि भोवऱ्यावर बोट ठेवायचे. ह्यानं उलटंच व्हायचं. जो एवढी खोट आपण होऊन दाखवतो, त्यानं ह्याहून मोठी कुठंतरी झाकली असणार, असं गिऱ्हाइकाला वाटायचं. एकानं तर सावळीच्या पोटाखाली वाकून बराच वेळ शोध घेतला. जाताना म्हणाला, "उस्ताद, सापडली न्हाई. पण हाय कायतरी."

त्या पावसाळ्यात मामा न्हाणीच्या दगडावर घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. तेव्हापासून ते बाजेवरच. मालकांनी त्यांना सरळ सांगितलं, "दादा, मी दिवसभर गाडीवर, आई थकलेली. सोयाबीन निघेपर्यंत थांबतो. तवर चांगलं गिऱ्हाईक आलं तर ठीक, न्हाईतर भट्टीवाला विचारूनच राहिला." त्यांचंही चुकत नव्हतं.  मामांनी बाज ओसरीच्या कडेला, अंगण दिसेल अशी लावून घेतली आणि माझ्याकडं बघितलं.

"माय, तू घे दावं हातात."

मी दावं धरलं. चल म्हणायचं तर तोंडातून आवाज फुटेना. मामा खेकसले, "मोठ्यानं बोल!" त्यानं होता तोही आवाज गेला. शेवटी मी सावळीच्या कानाशी जाऊन म्हणाले, "चल गं बाई." आणि ती चालली. मामांनी तिला अंगणभर फिरवायला लावलं. मग म्हणाले, "राहू दे. असंच बोल. जी हळू बोललेलं ऐकते, तिच्यावर वरडायची पाळी येत न्हाई." दुसरं कुणी मिळत नव्हतं म्हणूनच ते असं म्हणाले, असा मला तेव्हा संशय आला. अजूनही थोडा आहे.

मग रोज सकाळी मी आणि सावळी अंगणात आणि मामा बाजेवर, असं सुरू झालं. सावळी माझ्या मागंमागं फिरायला लागली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

"गूळ चारती का तिला?"

"न्हाई मामा."

"गुळाबिगर कोण कुणाच्या मागं फिरतं?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "मी फिरले की जन्मभर. दिला का कधी गूळ?"

 दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्या पदराच्या गाठी तपासल्या.

गिऱ्हाइकं येत होती आणि जात होती. गॉगल लावलेला एक पोरगा व्हिडिओ काढायला घोडी हवी म्हणून आला. भोवरा बघून म्हणाला, "हे मोबाईलमध्ये पुसता येतं." मामा म्हणाले, "मोबाईलमधला पुसशील. तुझ्या मनातला कसा पुसशील?" तो गेला. सोयाबीनची रास झाली, पोती घरात आली. मालक दोनदा फोनवर हळू आवाजात बोलताना दिसले. मामा त्यांच्या पाठीकडं बघत होते. मीही बघत होते.

आणि मग जळकोटकडचा तो माणूस आला. फाटकातूनच त्यानं आरोळी दिली, "हाय का कुणी घरात?" कोंबड्या पळाल्या. डोंगरातल्या शेतातून दुधाचे कॅन खाली आणायला त्याला घोडं हवं होतं. पावसाळ्यात काळ्या मातीत मोटारसायकल रुतते, म्हणाला. मामांनी नेहमीप्रमाणं आधी भोवरा दाखवला.

तो म्हणाला, "रडवती म्हणता? माझी बायको गेली, म्हातारीचे डोळे गेले. आता ही आणखी काय रडवणार?"

मला वाईट वाटलं. मामांनी विचारलं, "बायको कशानं गेली?"

"कावीळ झाली."

"हं," मामा म्हणाले. त्यांना कावीळही पटलेली दिसली नाही.

आमच्याकडं जनावर विकताना त्याचं दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. दावं आपल्या खुंटीला राहतं आणि घेणारा स्वतःचं घेऊन येतो. मामा त्या दाव्यावरून माणूस ओळखायचे. बारीक, काचणारी नायलॉनची दोरी आणणाऱ्याला ते घोडं देत नसत. ह्या माणसाचं दावं सुती, जुनं, हातानं मऊ झालेलं होतं. मला बरं वाटलं. मामांनी ते नाकाला लावलं.

"हे म्हशीचं हाय."

"शेजाऱ्याचं आणलं."

"तुझं कुठं गेलं?"

"तुटलं. आधीच्या घोड्यानं तोडलं."

"का तोडलं?"

त्या माणसानं दावं परत आपल्या हातात घेतलं. मग म्हणाला, "पळून गेलं ते. मी जरा तापट हाय, उस्ताद. पण पोटाला कुणाच्या कमी केलं न्हाई."

मामा त्याला घालवून देतील असं मला वाटलं. पण एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला भट्टी. मामांनी डोळे मिटून घेतले, उघडले आणि म्हणाले, "फिरवून बघ."

त्यानं सावळीला आपलं दावं लावलं आणि ओरडला, "चल!" सावळी खांबासारखी उभी राहिली. "ए, चल!" ती हलली नाही. तो जसजसा आवाज चढवत गेला, तसतशी ती पाय घट्ट रोवून उभी राहिली. मी मामांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

मग माझ्याही ध्यानात आलं. बळीरामनं ओरडून ओरडून तिला तेवढंच शिकवलं होतं, कुणी ओरडलं की जागचं हलायचं नाही. बाकीच्या घोड्यांना मामा पुढं स्वतः मोठ्या आवाजात हुकूम द्यायचे, मालकाचं ओरडणं आणि दारुड्याचं ओरडणं वेगळं करून दाखवायचे. सावळीचा तो धडा यायच्या आधीच ते पडले. आणि माझ्याच्यानं ओरडवत नाही. वाईट मालकाचा मार चुकावा म्हणून शिकवलेली घोडी आता त्या शिकवणीपायीच मार खाणार होती.

त्या माणसाचा हात दाव्याच्या टोकासकट वर गेला. मामा बाजेवरून उठायला बघत होते, पण त्यांना उठता येत नव्हतं. मी दाराच्या आड होते. परक्या माणसासमोर मी कधी बोलले नव्हते. पण तोंडातून निघून गेलं, "चल गं बाई."

सावळी चालायला लागली. तो माणूस दाव्याला धरून तिच्यामागं ओढला गेला आणि दुसरा हात तसाच वर राहिला.

"कोण बोललं?"

"सून हाय माझी," मामा म्हणाले.

तो तावातावानं ओसरीपाशी आला. "म्हणजे ही घोडी एकट्या बाईचंच ऐकती! हीच खोट झाकली होती ना तुम्ही?"

मामांना असं चढ्या आवाजात कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं आता भांडण होणार. मामा म्हणाले, "खोट हाय, पण ती माझी, घोडीची न्हाई. वरडलं की उभी राहा, हे मी शिकवलं. पुढचं राहून गेलं. मलाच आत्ता दिसलं, तर तुला काय दाखवणार होतो? पण ती बाईचंच ऐकती असं न्हाई. हळू बोलणाऱ्याचं ऐकती. बोलून बघ."

त्यानं जोरात श्वास घेतला आणि म्हणाला, "चल!"

सासूबाई म्हणाल्या, "हे हळू?"

"आमच्या घरात ह्यालाच हळू म्हणतात, मावशी."

मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं, सावळीच्या कानाशी वाकला आणि लाजत काहीतरी पुटपुटला. ती चार पावलं चालली. तो थांबला, ती थांबली. तो पुन्हा पुटपुटला. एवढा मोठा माणूस, पण त्याच्या तोंडावर असं काही आलं की मी पदर तोंडाला लावला. निघताना तो दारापाशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, तुम्ही कसं म्हणता ते आणखी एकदा सांगा." मी सांगितलं. सावळी एका शब्दावर त्याच्या गाडीत चढली आणि गाडी गेली. आमचं दावं खुंटीला राहिलं.

मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. "आज बोलंल हळू. उद्या बोलंल. परवा चिडला की?" हाच घोष. त्या माणसाचा फोन आला, घोडी बरी हाय म्हणाला. मामा म्हणाले, "बरी नसती तर काय सांगणार होता?" थंडी पडायला लागली तेव्हा ते मला म्हणाले, "माय, तू जाऊन ये."

"मी? ह्यांना पाठवा की."

"तो गेला तर त्याला चहा पाजतील, गप्पा मारतील, तो खुशीत परत येईल. तू कुणाशी बोलत न्हाईस. तू बघशील तरी." मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "नुसती बघू नको. अंगावरनं केसांच्या उलटा हात फिरव. मार केसाखाली असतो."

मी त्याआधी एकटी कुठं गेले नव्हते. मालकांसकट कुणी विचारलं तर उदगीरला लग्नाला चालले असं सांगायचं ठरलं. नांदेडला गाडी बदलून जळकोटला उतरले आणि विचारत विचारत त्या माणसाच्या गावाला गेले. तो दिसायच्या आधी ऐकू आला. कुणीतरी वाटेत ट्रॅक्टर आडवा लावला होता आणि तो त्या ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उतारावरून येत होता. सावळी कॅन घेऊन त्याच्या बाजूला होती. त्याचा आवाज चढला आणि ती वाटेतच थबकली.  तो शिवी अर्ध्यावर सोडून तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "तुला न्हाई गं म्हणलं. चल गं बाई." ती चालली. तो सरळ झाला आणि राहिलेली शिवी पुरी केली. ओट्यावरच्या बायका हसत होत्या. एक म्हणाली, "बायकोशी कधी असा बोलला न्हाई मेला."

त्यानं तिला घराच्या भिंतीलगत बांधलं, तेव्हा मी पुढं झाले. त्यानं मला ओळखलं.

"उस्तादनी धाडलं ना?"

"न्हाई. लग्नाला आले होते."

"हाव, हाव. लग्नाला." तो आत चहा सांगायला गेला तेवढ्यात मी हात फिरवून घेतला.

घरी आल्यावर मामांनी सगळं दोनदा ऐकलं. "तुला बघून हळू बोलला असंल."

"त्यांनी मला बघितलं नव्हतं, मामा."

"हात फिरवला?"

"फिरवला. काही न्हाई."

"दोन्ही अंगांनी?"

"दुसऱ्या अंगाला भिंत होती."

मामांनी तोंड फिरवलं. "भिंतीकडच्या अंगालाच मारतात," म्हणाले. "दिसत न्हाई ना."

त्याच थंडीत मामा गेले. शेवटी शेवटी त्यांना नीट बोलता येत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "देवाचं नाव घ्या आता." ते डोळ्यांनी मला खुणावायचे. मी जवळ गेले की पांघरुणावर हात उलटा फिरवून दाखवायचे. मी म्हणायचे, बघते मामा, जाऊन बघते. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

पुढच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर मी मालकांना म्हणाले, मी जळकोटला जाऊन येते. त्यांनी लग्न कुणाचं म्हणून विचारलं नाही. तो माणूस अंगणातच होता. मामा गेल्याचं मी सांगितलं. तो खाली बसला आणि पुन्हा उठला. मग सावळीपाशी गेला, तिच्या कानाशी पुटपुटला आणि तिला भिंतीपासून बाजूला घेऊन वळवून उभी केली.

"मागल्या खेपेला तुमची ही बाजू राहिली होती, ताई," तो म्हणाला. "नीट बघून घ्या."

मी मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत केसांच्या उलटा हात फिरवला. काही नव्हतं. तरी मी पुन्हा एकदा फिरवला.